भांडलेल्या शेजाऱ्यांची मुले



एकात्मता हा शब्द आपल्या कानांना इतका सवयीचा झाला आहे की, तो उच्चारला गेला म्हणजे आपण मान डोलावतो आणि दुसऱ्या क्षणी त्याला विसरून जातो. राष्ट्रीय सणांच्या भाषणांत तो असतो, शाळेच्या भिंतीवर असतो, सरकारी पत्रकांत तर असतोच असतो. एकात्मता नको, असे म्हणणारा मनुष्य सहसा भेटत नाही. आणि तरीही एखाद्या सकाळी वर्तमानपत्र उघडावे, तो एका भाषेच्या लोकांनी दुसऱ्या भाषेच्या लोकांची गाडी अडविल्याची बातमी पहिल्याच पानावर दिसते. तेव्हा एकात्मता हवी की नको, हा प्रश्नच नव्हे. ती कोणत्या उपायाने उत्पन्न होते, हा खरा प्रश्न आहे. त्या उपायांपैकी एकाचा, म्हणजे तरुणांना एकत्र आणणाऱ्या उपक्रमांचा, विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. या उपायाचा सर्वांत मोठा प्रयोग युरोपात झाला. आपल्या देशात त्याच उपायाला सारे आयुष्य वाहिलेला एक मनुष्य बंगळूर शहरात जन्मास आला. या दोहोंकडे आळीपाळीने पाहिले, तर आपल्या घरच्या एका जुन्या दुखण्यावर काही औषध सापडते का, हे मला पाहावयाचे आहे.

प्रथम युरोपाकडे वळू. फ्रान्स आणि जर्मनी ही दोन शेजारी राष्ट्रे. १८७० पासून १९४५ पर्यंतच्या पंचाहत्तर वर्षांत ती एकमेकांशी तीन वेळा लढली. आजोबा एका युद्धात, बाप दुसऱ्यात आणि मुलगा तिसऱ्यात लढला, अशी घरे दोन्हीकडे होती. पलीकडचा माणूस हा आपला वंशपरंपरागत वैरी आहे, ही गोष्ट तेथील मुलांना कोणी मुद्दाम शिकवावी लागत नसे. ती पाठ्यपुस्तकांत होती, गावच्या चौकातील हुतात्मा-स्तंभावर कोरलेल्या नावांत होती, घरातल्या रिकाम्या खुर्चीत होती. अशा ठिकाणी बंधुभावावर व्याख्यान देण्यास उभा राहणारा मनुष्य वेडाच ठरावयाचा.

असा एक वेडा मनुष्य पहिल्या महायुद्धानंतर निघाला. त्याचे नाव पिएर सेरेझोल. हा स्वित्झर्लंडमधला इंजिनिअर. त्याने व्याख्यान दिले नाही. फावडे हाती घेतले. १९२० च्या हिवाळ्याच्या तोंडी, व्हर्दूनच्या रणभूमीजवळील एस्न नावाच्या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात तो काही सोबत्यांसह जाऊन राहिला. तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवावे, रस्ता नीट करावा, बेघर झालेल्यांसाठी लाकडी निवारे उभारावे, असे हे काम होते. त्या तुकडीत जर्मन स्वयंसेवकही होते, आणि तेच त्या कामाचे मर्म होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडले, त्यांच्यातल्याच काहींनी येऊन ते बांधावे, ही ती कल्पना. परंतु जखम फार ताजी होती. गावात जर्मन नकोत, असे सांगण्यात आले, आणि सुमारे पाच महिन्यांनी हे शिबिर गुंडाळावे लागले. व्यवहाराच्या हिशेबाने प्रयोग फसला. पण आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर या कल्पनेचा उगम याच फसलेल्या प्रयोगात आहे. आणि शिबिर भरवायचे ते भांडण जेथे झाले तेथेच, हा त्याचा पहिला नियमही तेथेच घातला गेला.

दुसऱ्या महायुद्धाने हे सारे पुन्हा धुळीस मिळविले. परंतु त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९५० साली, जर्मनीतील लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधील माँबेलियार या दोन गावांनी आपसांत जोडगावाचे नाते जोडले. दोन्ही देशांच्या गावांतले हे अशा प्रकारचे पहिले नाते समजले जाते. त्याच लुडविग्सबुर्गमध्ये १९६२ च्या सप्टेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जर्मन तरुणांपुढे भाषण केले, आणि ते जर्मन भाषेत केले. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडलेला आणि दुसऱ्यात त्यांच्याविरुद्ध फ्रेंच प्रतिकाराचे नेतृत्व केलेला हा सेनानी. तो त्या तरुणांच्या मातृभाषेत बोलला, यातच अर्धे भाषण झाले होते. पुढे २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि जर्मन चॅन्सलर आडेनावर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षीच्या जुलैत दोन्ही सरकारांनी मिळून तरुणांसाठी एक संयुक्त कचेरी स्थापन केली.

कचेरी हा शब्द ऐकून आपला उत्साह थोडा मावळेल. पण माझ्या मते या साऱ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कचेरीच होय. भावना उसळते आणि ओसरते. कचेरी दर सोमवारी सकाळी उघडते. या संस्थेचा खर्च दोन्ही सरकारे समसमान उचलतात, त्यामुळे एक यजमान आणि दुसरा आश्रित, असे नाते तेथे राहत नाही. शाळांचे वर्ग, खेळांची मंडळे, गावोगावच्या संस्था, कारखान्यांत काम शिकणारी मुले, अशा सर्वांना पलीकडे जाण्यासाठी ती साहाय्य करते. या मुलांपैकी कित्येक जण परक्या घरी राहतात, त्यांच्या टेबलाशी बसून जेवतात, त्यांच्या शाळेत जातात; आणि पुढे त्या घरचा मुलगा यांच्या घरी येतो. १९६३ पासून नव्वद लाखांहून अधिक तरुण अशा रीतीने सीमा ओलांडून गेले आहेत. यात दिपवून टाकणारे असे काही नाही. तेच ते पत्र, तोच प्रवास, तीच वह्या-पुस्तकांची पिशवी. परंतु साठ वर्षे अखंडपणे केलेली साधी गोष्ट एक दिवस इतिहास होऊन बसते.

याचे फळ कसे असते, त्याचे एकच उदाहरण देतो. कराराला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००३ च्या जानेवारीत, दोन्ही देशांतील सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची एक युवासंसद बर्लिनमध्ये भरली. त्या मुलांनी अशी मागणी केली की, आमचा इतिहास आम्हांला दोन्हीकडे एकाच पुस्तकातून शिकवा. मोठ्यांनी ती मनावर घेतली आणि २००६ साली त्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या पणजोबांना इतिहासाच्या पुस्तकाने लढावयास पाठविले, त्या मुलांनी इतिहासाचे पुस्तकच बदलून घेतले! शेजारी राष्ट्राविषयी नुसते गोड बोलणे निराळे, आणि आपल्या पराजयाची व अपराधाची पाने त्याच्याबरोबर बसून वाचण्यास तयार होणे निराळे.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते विचार करणे होणार नाही, नुसती स्तुती होईल. १९८७ साली युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस ही योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील सुमारे तीन हजार दोनशे विद्यार्थी तिच्यातून गेले. आजवरचा आकडा दीड कोटीच्या पुढे आहे. आणि तरीही २०१६ साली ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, व २०२० नंतर ब्रिटन त्या योजनेच्याही बाहेर गेले. मग ही सारी देवाणघेवाण व्यर्थ गेली काय? व्यर्थ गेली नाही; पण तिची मर्यादा कळली. जो विद्यापीठात शिकतो, ज्याच्या घरी दोन पैसे आहेत, ज्याला परकी भाषा येते, त्यालाच पलीकडे जाण्याची संधी सर्वांत आधी मिळते. आणि ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी भय आहे, तो बहुधा घरीच राहतो. आधीच उघडी असलेली दारे पुन्हा पुन्हा उघडून घर मोकळे होत नाही. तरुणांच्या उपक्रमांची कसोटी म्हणून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कोणाची मुले गेली? आणि कोणाकडे गेली?

हे दोन प्रश्न हाती धरून आता आपण स्वदेशी येऊ. तिकडून इकडे येणारी वाट पिएर सेरेझोलच्याच पायांनी आखलेली आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे मेली, शेतांवर वाळू पसरली, गावेच्या गावे राहण्याजोगी उरली नाहीत. त्या वर्षी सेरेझोल हिंदुस्थानात आला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतीचे काम चालले होते. त्याच्याशी संबंध ठेवून, मुझफ्फरपूरच्या भागात नव्या वस्त्या उभारण्याच्या कामी तो आणि त्याचे थोडे युरोपीय सहकारी लागले, आणि पुढची दोनतीन वर्षे तो येत-जात राहिला. पारतंत्र्यातल्या देशात गोऱ्या माणसांनी बिहारी शेतकऱ्यांबरोबर माती वाहावी, हे त्या काळी किती नवलाचे होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

आपल्या महाराष्ट्रात याच जातीचा विचार साने गुरुजींच्या मनात उगवला. सविनय कायदेभंगाच्या काळात ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे दक्षिणेतल्या राजबंद्यांची संगत लाभली. तमिळ भाषेची गोडी लागली. आणि पुढे तिरुक्कुरळ हा तमिळांचा प्राचीन ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. ज्या तुरुंगाने माणसाला कोंडावे, त्यानेच त्याला एका नव्या भाषेचे अंगण दिले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९५० च्या जूनमध्ये त्यांचा अंत होण्यापूर्वी, आंतरभारतीची कल्पना त्यांनी देशापुढे ठेवली. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांच्या प्रांतांत जाऊन राहावे, एकमेकांचे साहित्य आपलेसे करावे, अशी ती कल्पना. रवींद्रनाथांनी विश्वभारतीत जगाला बोलाविले. गुरुजींनी प्रथम शेजारच्या प्रांताला घरात बोलावण्यास सांगितले. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. विश्वबंधुत्व पुष्कळदा सोपे असते. शेजारबंधुत्व अवघड असते.

आता बंगळूरकडे येतो. ७ फेब्रुवारी १९२९ रोजी या शहरात एस. एन. सुब्बराव यांचा जन्म झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'भारत छोडो'ची घोषणा झाली, तेव्हा ते तेरा वर्षांचे शाळकरी पोर होते. भिंतीवर ती घोषणा लिहिली म्हणून पोलिसांनी त्यांना पकडले. पुढे काँग्रेस सेवादलाच्या कामात ते शिरले. या सेवादलाचे संस्थापक डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर. त्यांचा जन्म धारवाडचा आणि कर्मभूमी हुबळी. मराठी आणि कन्नड यांच्यामधला बांध ज्या भूमीत कधी दिसतो आणि कधी दिसेनासा होतो, त्या भूमीतले ते गृहस्थ. हर्डीकरांच्या आग्रहाने सुब्बराव स्वातंत्र्यानंतर लवकरच दिल्लीस गेले, आणि त्यानंतर त्यांचे बिऱ्हाड जन्मभर पाठीवरच राहिले. संसार त्यांनी केला नाही. खाकी अर्धी विजार, पांढरा खादीचा सदरा आणि गाता गळा, एवढीच त्यांची मिळकत. तरुण त्यांना भाईजी म्हणत.

१९६९ साली गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने गांधीदर्शनाचे फिरते प्रदर्शन घेऊन एक आगगाडी देशभर हिंडली. तिची जबाबदारी सुब्बरावांकडे होती. त्या प्रवासानंतर, १९७० च्या सुमारास, त्यांनी राष्ट्रीय युवा योजना उभारली आणि मध्यप्रदेशातील जौरा येथे महात्मा गांधी सेवा आश्रम स्थापन केला. जौरा हे मुरैना जिल्ह्यातले गाव, चंबळच्या बेहडांच्या तोंडावरचे. दरोडेखोर, पोलीस आणि पिढीजात सूड यांच्या कात्रीत तो सारा मुलूख सापडलेला होता. तरुणांची शिबिरे रम्य डोंगरावर भरविता आली असती; सुब्बराव ती घेऊन तेथे गेले. बाहेरच्या प्रांतांतली मुले त्या दऱ्याखोऱ्यांत माती खणू लागली, रस्ते करू लागली, संध्याकाळी गाणी म्हणू लागली. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग आदी नामांकित बागी मंडळींनी याच जौऱ्यात गांधीजींच्या प्रतिमेपुढे शस्त्रे ठेवली. याचे श्रेय एकट्या शिबिरांचे, असे कोणी म्हणणार नाही; विनोबांनी १९६० साली तेथे पेरणी केलेली होती आणि जयप्रकाशजींची पुण्याई मोठी होती. पण ज्या मातीत शस्त्र ठेवावयाचे, ती माती आपलेपणाने तयार करण्याचे काम त्या आश्रमाने केले, हे मात्र निश्चित.

सुब्बरावांच्या शिबिराची घडण थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात योजना होती, नुसता उत्साह नव्हता. एका प्रांताची मुले एका खोलीत, असे तेथे चालत नसे. गट पाडावयाचे ते प्रांत मिसळूनच. सकाळी श्रमदान, कारण घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्याला भाषा लागत नाही. मग भाषेचा वर्ग. तमिळ मुलाने आसामी मुलाला आपली चार वाक्ये शिकवावयाची आणि त्याची चार शिकून घ्यावयाची. सायंकाळी सर्व धर्मांची प्रार्थना, आणि त्यानंतर 'भारत की संतान' हा सुप्रसिद्ध कार्यक्रम. त्यात भारताच्या निरनिराळ्या भाषा एकामागून एक गाण्यातून पुढे येत, आणि त्या त्या भाषेचा पोशाख करून मुले रंगमंचावर येत. यातही एक खुबी असे. पंजाबी मुलगा मल्याळी होऊन येई, बंगाली मुलगी मराठी होऊन येई. दुसऱ्याचा पोशाख अंगावर चढवून दहा मिनिटे उभे राहिले, म्हणजे त्याची थट्टा करण्याची इच्छा आपोआप कमी होते. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी जयपूर येथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी सुब्बराव निवर्तले. तोपर्यंत अशा शिबिरांतून गेलेल्या तरुणांच्या कित्येक पिढ्या झाल्या होत्या.

महाराष्ट्राचा वाटाही येथे नोंदला पाहिजे. बाबा आमटे यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी चालविली. पंजाब धुमसत असताना, १९८५ च्या डिसेंबरात, शंभरावर तरुण-तरुणींना सायकलींवर बसवून ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेस निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही अशक्य होते. तेव्हा त्यांनी गाडीत पडून प्रवास केला. भूमी तीच, आणि जोडण्याची धडपडही तीच.

आता कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की दहा दिवसांच्या शिबिराने काय होते? पत्त्यांची अदलाबदल होते, निरोप घेताना डोळे पाणावतात, दोन महिने पत्रे चालतात आणि मग ज्याचा तो आपल्या गावचा होतो. या आक्षेपात तथ्य आहे. जेथे शिबिर एकदाच होते, तेथे स्नेहही एकदाच होतो. एस्नचे शिबिर आणि १९६३ ची कचेरी यांमधला भेद नेमका हाच. पहिल्यात धैर्य होते. दुसऱ्यात धैर्याला नियमितपणाची जोड मिळाली. आमच्याकडे धैर्याची उणीव कधीच नव्हती. सेरेझोलच्या तोडीची माणसे आम्हांला लाभली. पण त्यांच्या मागे, ती गेल्यावरही दर सोमवारी उघडणारी, दोन शेजाऱ्यांनी सारख्या पैशांनी चालविलेली कचेरी आम्ही उभी केली नाही.

आणि येथे मी आपल्या घरच्या दुखण्याकडे येतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे नाते किती जुने आहे, हे बंगळूरच्या मराठी माणसास सांगावयास नको. या शहराची जहागिरी १६३८ च्या सुमारास शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबे राहत आली आहेत. पंढरीच्या विठ्ठलाला मराठी संतांनीच कानडा म्हटले, आणि पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांची मुद्रा त्याच विठ्ठलाच्या नावाची केली. ज्यांची मातृभाषा मराठी, ते द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले. गदग जिल्ह्यात जन्मलेले भीमसेन जोशी पुण्यास राहिले आणि एकाच कंठातून संतवाणीही गायले व दासवाणीही गायले. आमची आजी आणि त्यांची अज्जी, आमची पुरणपोळी आणि त्यांची होळिगे, आमची ज्वारीची भाकरी आणि त्यांची जोळद रोट्टी यांच्यात सीमाचौकी कोठे बसवावी, हे कोणत्याही आयोगाला सांगता यावयाचे नाही.

आणि तरीही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगावचा प्रश्न आपल्या उरात काट्यासारखा सलत आहे. महाजन आयोग झाला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरात सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड आले आणि अलीकडे कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. २०२५ च्या फेब्रुवारीत एका वाहकाशी भाषेवरून झालेल्या तंट्याचे पर्यवसान दोन राज्यांमधील बससेवा काही काळ बंद पडण्यात झाले. दगड उचलणारे हात बहुधा तरुणांचेच असतात. त्या तरुणांपैकी कितींनी पलीकडच्या घरी एक रात्र काढली असेल?

२०१५ साली केंद्र सरकारने 'एक भारत श्रेष्ठ भारत' ही योजना जाहीर केली. तिच्यात राज्यांच्या जोड्या लावून मुलांची देवाणघेवाण करावयाची होती. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लागली आणि कर्नाटकाची उत्तराखंडाशी. या जोड्यांत वाईट काहीच नाही. मराठी मुलाने जगन्नाथपुरी पाहावी, कन्नड मुलीने हिमालय पाहावा, हे चांगलेच आहे. परंतु ओडिशाशी आमचे भांडण कधी होते? दूरच्या पाहुण्याशी गोड बोलणे हा शिष्टाचार झाला. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे, त्याच्या मुलाला आपल्या घरी जेवावयास बसविणे, हे खरे एकात्मतेचे काम. फ्रान्सने आपल्या मुलांची जोडी पोर्तुगालशी लावली असती, तर कोणाचे काही बिघडले नसते. आणि काही साधलेही नसते.

येथे एक शंका मनात येईल. फ्रान्स आणि जर्मनी यांची सीमा आधी निश्चित झाली आणि मग मैत्री झाली; आमचा वाद न्यायालयात आहे; तो मिटण्यापूर्वी मुलांना एकत्र आणले, तर आपल्या मागणीचा जोर कमी होणार नाही काय? परंतु इतिहास काय सांगतो? सार प्रांताचा तंटा त्या दोन देशांत १९५७ पर्यंत चालू होता. आणि लुडविग्सबुर्ग व माँबेलियार यांनी हात मिळविले ते १९५० साली. दावा शासनांचा आहे. तो पुराव्यांनी आणि वकिलांनी चालवावा. त्याचा निकाल काय व्हावयाचा तो होईल. पण निकाल कोणताही लागला, तरी कोल्हापूर बेळगावच्या शेजारीच राहणार आणि सोलापूर विजापूरच्या. नकाशावरची रेघ हलेल. शेजार हलणार नाही. बेळगावातल्या मराठी मुलाने कन्नड मित्र जोडला, म्हणून त्याचा आपल्या मातृभाषेवरील हक्क तिळभरही कमी होत नाही. उलट, आपल्या भाषेत शाळा आणि आपल्या भाषेत सरकारी कागद मागणाऱ्याची वेदना पलीकडच्या चार माणसांना तरी कळू लागते.

तेव्हा काय करता येईल? काम मोठे आहे म्हणून प्रारंभ मोठाच हवा, असे नाही. सीमेच्या अलीकडच्या एका शाळेने पलीकडच्या एका शाळेशी नाते जोडावे, आणि ते एका वर्षापुरते नव्हे, दहा वर्षांसाठी जोडावे. दर दिवाळीच्या सुटीत वीस मुले इकडून तिकडे जावीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिकडची वीस इकडे यावीत. त्यांनी धर्मशाळेत राहू नये, घरांत राहावे. खर्च दोघांनी सारखा करावा. मुले निवडताना नुसती हुशार, वक्तृत्वाची बक्षिसे मिळविणारी निवडू नयेत. औद्योगिक प्रशिक्षण घेणारा, ऊसतोडणी कामगाराचा, बसवाहकाचा मुलगा आधी निवडावा. मराठी मुलाने कन्नड लिपी शिकावी. तिची वळणे हाताला बसण्यास काही फार दिवस लागत नाहीत. आणि थोडे धैर्य असेल, तर दोन्हीकडच्या शिक्षकांनी बसून सीमाभागाच्या इतिहासाची पाचपन्नास पाने अशी लिहावीत की, ती दोन्ही वर्गांत वाचता येतील.

या कामी बंगळूरच्या मराठी मंडळींचे स्थान विशेष आहे. त्यांना दोन्ही भाषांतली थट्टा कळते आणि दोन्ही भाषांतला राग कळतो. गणेशोत्सव आणि नाटके तर ते हौसेने करतातच. त्याच्या जोडीला दर वर्षी महाराष्ट्रातून आलेल्या दहा मुलांना कन्नड शेजाऱ्यांच्या घरी राहावयास लावण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोण करील? सुब्बरावांच्या शहराला हे शोभेलही.

कन्नड घरात पाहुणा आला की त्याला विचारतात, "ऊट आयता?" म्हणजे, जेवण झाले का? आमच्याकडेही पहिला प्रश्न तोच असतो. ज्या मुलाने हा प्रश्न पलीकडच्या घरच्या आईच्या तोंडून एकदा ऐकला, तो पुढे राजकारणात आपल्या प्रांताची बाजू जोराने मांडील, न्यायालयात भांडेल, निवडणुकीत विरुद्ध मत देईल; ते त्याने अवश्य करावे. पण त्या गावची गाडी समोरून येताना दिसली, म्हणजे दगड उचलण्यापूर्वी त्या गाडीत कोण बसले असेल, याचा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. तरुणांच्या उपक्रमांकडून याहून अधिक काही मागू नये, आणि याहून कमी काही पत्करूही नये.